अठरा होल आणि एक सातबारा

आयटीवाल्यांना आयुष्यात कधी ना कधी काहीतरी होतंच. पंचविशीत ट्रेकिंग होतं, सत्ताविशीत मॅरेथॉन होते, आणि पगाराने एक ठरावीक आकडा ओलांडला की गोल्फ होतो. माझ्यापासून दोन क्युबिकल सोडून बसणाऱ्या एकाला तो झाला. सिंगापूरला ऑनसाइट असताना तिथल्या मॅनेजरबरोबर तो शनिवारी सकाळी फेरीबोटीने बिंतान बेटावर गेला, समुद्राकाठच्या हिरव्यागार मैदानावर अठरा होल खेळला, रात्री मुक्काम केला आणि रविवारी परत आला. त्यानंतर तो माणसातून उठला. पुण्यात परत आल्यावर स्टँडअप मीटिंगमध्ये काठी नसताना स्विंग मारायचा. आपण त्याला 'गोल्फर' म्हणू.

गोल्फरने मला फुकटात बरंच ज्ञान दिलं. त्यातलं थोडं तुम्हालाही वाटतो. गोल्फ मुळात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा खेळ. समुद्र आणि शेतं यांच्यामध्ये जी वाळवट, वाऱ्याची, पीक न देणारी गवताची पट्टी असते तिला तिथे 'लिंक्स' म्हणतात. तिथे मेंढरं चरायची, गवत आपोआप बारीक राहायचं, आणि तिथेच लोक काठीने चेंडू मारत फिरायचे. होल किती, याचाही काही नियम नव्हता. सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर एका फेरीत २२ होल होत. १७६४ साली ते १८ केले आणि पुढे सगळ्या जगाने तोच आकडा धरला. थोडक्यात, ज्या जमिनीचं दुसरं काही होत नाही तिथला हा खेळ.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर गोल्फरच्या डोक्यात आलं, की बिंतान कशाला, आपल्या कोकणात बेटं कमी आहेत का? छोटंसं बेट, वीकेंड, चार मित्र, गोल्फ. "तुझं आजोळ तिकडचंच ना रे?" असं विचारून त्याने मला प्रोजेक्टवर घेतलं. माझं आजोळ तळेऱ्याचं. तळेरे समुद्रावर नाही, मुंबई-गोवा हायवेवर आहे. कोल्हापूरहून गगनबावड्यावरून येणारा रस्ता तिथे हायवेला मिळतो आणि पुढे विजयदुर्गाकडे जातो. म्हणजे घाटावरून मालवणच्या बाजूला उतरणाऱ्याला ते दारच.

आता इंजिनिअर म्हटल्यावर आधी फीजिबिलिटी. सिंधुदुर्गातलं सगळ्यांना माहीत असलेलं छोटं बेट म्हणजे मालवणसमोरचं कुरटे बेट. त्यावर महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी करून सिंधुदुर्ग बांधायला घेतला. क्षेत्रफळ साधारण ४८ एकर. अठरा होलचं मैदान शंभर-सव्वाशे एकरांच्या खाली क्वचितच बसतं. म्हणजे किल्ला, देवळं, आत राहणारी कुटुंबं, सगळं काही उचलून बाजूला ठेवलं तरी निम्मंसुद्धा मैदान बसत नाही. शिवाय बरा खेळणारा एका फटक्यात दोनशे यार्ड चेंडू मारतो. म्हणजे सहाव्या-सातव्या होलपर्यंत सगळे चेंडू अरबी समुद्रात. आणि ज्या किल्ल्याचं नाव २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तिथे काठी घेऊन उतरलो तर चेंडूच्या आधी आम्हीच समुद्रात जाऊ, हे मी त्याला समजावलं :)

पण त्या बेटावरची एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी. चारी बाजूंनी खारं पाणी असून आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. बेटावर राहायचं ठरवताना आधी काय बघतात ते यावरून कळतं. गोल्फरच्या एक्सेल शीटमध्ये पाण्याचा कॉलमच नव्हता.

तरीही दिवाळीनंतरच्या दुसऱ्या वीकेंडला आम्ही निघालो. बॅग काढायला तो तयार नव्हता, त्यामुळे डिकीत गोल्फचं किट आणि मांडीवर आमचं सामान, असे कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी करत संध्याकाळच्या आधी तळेऱ्यात पोचलो.

आजोळी मामा-मामी असतात. चहा झाल्यावर मामाने एक गुळगुळीत कागदाचा ब्रोशर पुढे टाकला. "बरा झाला इलास. ह्या वाच आणि माका सांग." एका एजंटाने तो आणून दिला होता. आमच्या घरामागच्या सड्यावर आमचा आणि शेजारच्या चार घरांचा मिळून जो तुकडा आहे तो हवा होता. चित्रात व्हिला होते, निळाशार पूल होता, आणि मधोमध, अहो आश्चर्यम्, नऊ होलचा गोल्फ कोर्स. गोल्फरचे डोळे लकाकले. माझ्या पोटात गोळा आला. कारण ब्रोशरच्या मागे पेनाने लिहिलेला आकडा माझ्या आठ वर्षांच्या पीएफपेक्षा मोठा होता.

आमच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. मामा, त्याचे भाऊ, वारलेल्या काकांची मुलं, आणि मुली म्हणून मावशी आणि माझी आई. मामा म्हणाला, "सगळे तयार आसत. तुझ्या आवशीची सही व्हयी." म्हणजे हा आता माझ्या घरचा प्रश्न होता.

त्या जमिनीचा इतिहास असा. आजोबा कूळ होते. खालचे भाताचे कुणगे आणि वर सड्यावरची वरकस, दोन्ही ते कसायचे आणि अर्ल अर्धं दुसऱ्याच्या घरी पोचवायचे. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कसणारी कुळं मालक मानली गेली. आमच्या घरात ही तारीख लग्नाच्या तारखांसारखी पाठ आहे. अशी मिळालेली जमीन पूर्वी कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, विकत घेतल्याला दहा वर्षं झाली असली तर आकाराच्या ४० पट रक्कम भरली की परवानगीची गरज नाही. बाकीच्या अटी आहेत, पण ही अडचण संपली. सातबाऱ्यावर आमच्या तुकड्याचा आकार आहे पावणेदोन रुपये. गुणिले चाळीस. सत्तर रुपये. पुण्यात दोघांचा चहा आणि क्रीमरोल.

मी हे सगळं मनात गुणत बसलो होतो, तेवढ्यात गोल्फर म्हणाला, "काका, जागा बघून येऊ या?" आणि डिकीतून बॅग काढली.

सडा म्हणजे काय हे पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. डोंगराचा माथा सपाट, वर जांभ्याचा कातळ आणि त्यावर वीतभर माती. पावसाळ्यात ढोपरभर गवत आणि रंगीबेरंगी फुलं, उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला दगड. आम्ही गेलो तेव्हा गवत कापून झालं होतं, उड्या रचून ठेवल्या होत्या, आणि कापलेले खुंट पिवळे पडले होते. पश्चिमेकडून वारा सुटला होता. गोल्फर दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अरे, हे तर लिंक्ससारखं आहे."

आणि मग आम्ही खेळलो. मामीकडून तीन स्टीलचे पेले आणले, कातळातल्या खळग्यांत बसवले, वर कारवीच्या काठ्या उभ्या केल्या. एकच काठी, सेव्हन आयर्न. खुंटावरून चेंडू मस्त उचलला जायचा, कातळावर पडला की टणटण उड्या मारत भलतीकडे जायचा. गुरं चारायला आलेली दोन पोरं आधी लांबून बघत होती, मग चेंडू शोधून द्यायला लागली, आणि शेवटी त्यातल्या एकाने काठी मागून घेऊन असा काही फटका मारला की गोल्फर बघतच राहिला. मामाने बांधावर बसून सामन्याचं सार सांगितलं. "चेंडू मारूचो, शोधूक जावचा, परत मारूचो. आणि ह्येका लोक पैसे भरतत?"

"भरतात ना काका. लाखांनी."

"मगे बरा आसा."

सूर्य बुडेपर्यंत खेळलो. सात चेंडू हरवले. असा वीकेंड मी बऱ्याच वर्षांत घालवला नव्हता.

उतरताना मामाने विहीर दाखवली. सड्याच्या बरोबर पायथ्याशी. वर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपतो आणि इथे येतो. मे महिन्यात खाली वाकून बघावं लागतं, पण आटत नाही. वाडीतली पाच घरं तिच्यावर आहेत. मामा म्हणाला, "गवात जूनात येता, दसऱ्यानंतर कापतंव. बाकीचे म्हयने हिरवा ठेवूचा तर पाणी खंयसून हाडतले?"

रात्री गोल्फरने लॅपटॉप उघडला आणि पाण्याचा कॉलम टाकला. सोपं गणित आहे, तुम्हीही करून बघा. समजा पाणी द्यायचं गवत २० हेक्टर, मोठ्या मैदानाचं. उन्हाळ्यात रोज फक्त ५ मिलिमीटर पाणी द्यायचं. २ लाख चौरस मीटर गुणिले ०.००५ म्हणजे १००० घनमीटर. म्हणजे रोजचे १० लाख लिटर. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटरचं माप आहे. भागाकार केला तर अठरा हजार माणसांचं पाणी. नऊ होलसाठी निम्मं धरा, नऊ हजार. गोल्फरने सेल लाल केला आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी त्याला बेट हवंच होतं. म्हणून त्याला तेरेखोलला घेऊन गेलो. खरं बेट नव्हे, पण नकाशावर बघा. तेरेखोल गाव गोव्याचं, पण नदीच्या अलीकडे, आपल्या बाजूला. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला तेरेखोल नदी, उरलेल्या बाजूंना महाराष्ट्र. सावंतवाडी, शिरोडा, रेडी करत गाडी सरळ गावात जाते, पण गोव्यातून यायचं तर केरीहून फेरीबोट. म्हणजे गोव्यासाठी ते बेटच. टोकावर सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला किल्ला, आत सेंट अँथनीचं चर्च. १५ ऑगस्ट १९५४ ला गोव्याच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. खाली नदीचं मुख, पलीकडे केरीची वाळू. मागच्या उतारांवर काजूच काजू.

त्या उतारांवर अठरा होलचं गोल्फ रिसॉर्ट होणार होतं. छोटं ख्रिस्ती गाव, बहुतेकांचं पोट काजूवर. रिसॉर्टसाठी गावची बरीचशी जमीन मालकांकडून विकत घेतली गेली. गावकऱ्यांचं म्हणणं, की आम्ही इथली कुळं, आम्हाला विचारल्याशिवाय विक्री कशी? २०१५ च्या मे महिन्यात झाडं पाडायला यंत्रं आली, बरोबर बाउन्सर आले, आणि लोक आडवे गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं. गोव्यात १९९१ चा एक कायदा आहे. कुळाच्या मालकीची झालेली शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. सीमेच्या अलीकडे तोच हक्क सत्तर रुपये भरून मोकळा होतो, पलीकडे तो शेतीला बांधलेला आहे. मधलं अंतर, एक पाटी आणि एक चेकपोस्ट.

आम्ही पोचलो तेव्हा गोल्फ कोर्स वगैरे काही नव्हतं. काजू होते. गाडी लावून पाणी घ्यायला डिकी उघडली. रस्त्याने येणाऱ्या एका मावशींनी आतली बॅग बघितली, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कंपनीचे?"

गोल्फर म्हणाला, "नाही हो, फिरायला आलोय." त्या काही बोलल्या नाहीत, पण आम्ही किल्ल्याकडे वळेपर्यंत तिथेच उभ्या होत्या. तो दिवसभर डिकी उघडायला तयार नव्हता.

म्हणजे गोल्फ वाईट, एजंट वाईट, आजोळचं गवत चांगलं, असं लिहून मोकळं व्हायचं का? ब्लॉग तिथे संपला असता, लाइक्सही मिळाले असते. पण परतीच्या वाटेवर गोल्फरनेच मला एक उलट उदाहरण दिलं आणि ते डोक्यातून जात नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ युइस्ट नावाचं बेट आहे. तिथे आस्करनिश गावी १८९१ मध्ये ओल्ड टॉम मॉरिस या त्या काळच्या गोल्फमधल्या बाप माणसाने किनाऱ्याच्या गवतावर अठरा होल आखून दिले. पुढे ते मैदान गवतात हरवलं. २००५ मध्ये एका जाणकाराला टेकाडांच्या आकारावरून ते पुन्हा दिसलं, आणि २००८ मध्ये ते खेळायला खुलं झालं. मधल्या काळात काय झालं? तिथेही कुळं होती. क्रॉफ्टर म्हणतात त्यांना. त्या गवतावर त्यांच्या गुराढोरांचा चराईचा हक्क. तो जाईल म्हणून काही जण विरोधात उभे राहिले आणि प्रकरण जमिनीच्या कोर्टात गेलं. म्हणजे तेरेखोलचीच गोष्ट.

फरक दोन ठिकाणी पडला. एक, २००६ मध्ये त्या इस्टेटीची जमीन लोकांच्याच संस्थेने विकत घेतली. म्हणजे मैदान करणारे आणि विरोध करणारे एकाच बेटावरचे, रोज तोंड बघणारे. आणि दुसरं, ते मैदान जे उगवतं त्यावरच केलं. डोंगर कापले नाहीत, गवत बाहेरून आणलं नाही. हिवाळ्यात तिथे अजूनही गुरं-मेंढरं चरतात, आणि चरून झालं की माणसं खेळतात. सगळी भांडणं मिटली असं नाही. पण गोल्फ आणि गुरं एका जमिनीवर राहू शकतात हे तिथे दिसतं.

आता ते मगाचं वाक्य. ज्या जमिनीचं दुसरं काही होत नाही तिथला हा खेळ. हे वाक्य चुकीचं आहे. सेंट अँड्र्यूजला मेंढरं होती, साउथ युइस्टवर गुरं होती, आमच्या सड्यावर गवत आहे आणि खाली विहीर आहे. इथून जवळच मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर तर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत असलेली. कित्येक वर्षं तोही 'नुसता कातळ'च होता. रिकामी जागा ही लांबून बघणाऱ्याला दिसते. पुण्यातल्या एक्सेलमधून मलाही तशीच दिसत होती.

आणि तरीही मामाला नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मामा बासष्ट वर्षांचा आहे. त्याचा मुलगा ठाण्याला. गवत कापायला माणूस मिळत नाही, गोठ्यात दोन म्हशी उरल्यात, आणि मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललंय. मी वर्षातून दोनदा येणार, सड्यावर सूर्यास्त बघणार, 'मामा विकू नकोस' म्हणणार आणि सोमवारी हिंजवडीला लॉगिन करणार. राखायला तो, आठवणी माझ्या. हा कुठला न्याय?

पुण्याला येऊन आईसमोर ब्रोशर ठेवला, आकडाही सांगितला. तिने चष्मा लावून सगळी पानं उलटली. पूल बघितला, व्हिला बघितले. मग विचारलं, "ह्यात विहीर कुठाय?"

विहीर नव्हती. तिच्या जागी क्लबहाउस होतं.

आई म्हणाली, "सही करायला माझी ना नाही. दादाला पैशांची गरज आहे, मला माहीत आहे. पण वाडीने पाणी कुठून भरायचं ते आधी कागदावर येऊ दे."

मग मी आणि गोल्फरने बसून एजंटला एक मेल लिहिला. पहिला प्रश्न, मैदानाला पाणी कुठून, रोज किती, आणि पायथ्याच्या विहिरीची हमी कोण घेणार. दुसरा, जमीन विकण्याऐवजी ठरावीक वर्षांच्या भाड्याने घ्याल का, म्हणजे सातबारा अकरा जणांच्याच नावावर राहील. तिसरा गोल्फरचा. जून ते ऑक्टोबर गवत वाढू द्यायचं, गावाने कापून न्यायचं, आणि मग खुंटावर खेळायचं, असं नऊ होलचं मैदान चालेल का? हिरवं नसेल, पण आम्ही खेळून बघितलंय.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. मामा रोज फोन करून विचारतो. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे आम्ही भावंडांनी वाटून घ्यायचं ठरवलंय, त्यामुळे सहीची घाई निदान तेवढ्यापुरती तरी थांबलीय. मे महिन्यात सगळे चाकरमानी गावाला येतील तेव्हा अकरा जण एकत्र बसणार आहेत. गोल्फरलाही बोलावलंय. तो त्याच्या शीटमध्ये पाण्याचा कॉलम पक्का करून आणणार आहे. मामीचा एक पेला सड्यावरच राहिलाय, तोही शोधायचा आहे.